गेओर्ग लुगर: ज्याच्या पिस्तुलावर चकाकी चढली की किंमत उतरते

सेकंड-हँड फोन घेताना तुम्ही काय बघता? बॉडी चकाचक दिसली म्हणून कुणी लगेच पैसे काढून देत नाही. आधी आयएमईआय नंबर बघायचा, तो बॉक्सवरच्या नंबरशी जुळवायचा, बिल मागायचं, स्क्रीन बदललेली आहे का ते तपासायचं. जुना फोन जरा जास्तच नवा दिसला तर उलट संशय येतो. बॉडी कुठं बदलली? का बदलली? काय लपवलंय?

जुन्या युद्धातल्या पिस्तुलांच्या बाजारातही अगदी हाच हिशोब चालतो, फक्त रक्कम खूप मोठी असते. या बाजारातलं सगळ्यात प्रसिद्ध नाव म्हणजे लुगर. तिरपी मूठ, बारीक नळी आणि गोळी सुटली की पाठीवर गुडघ्यासारखा दुमडणारा भाग. दुसऱ्या महायुद्धावरचा एखादा सिनेमा पाहिला असेल, तर हे पिस्तूल तुम्ही नक्की पाहिलंय. अमेरिकन सैनिकांनी युद्धाची आठवण म्हणून अशी पिस्तुलं घरी नेली. त्यातल्या अनेकांवर पुढं निकेल किंवा क्रोमचा मुलामा चढवला गेला. दिसायला झकास! पण संग्राहकाच्या लेखी ते पिस्तूल तिथंच संपलं.

असं का, हे समजून घ्यायचं तर आधी ते बनवणाऱ्या माणसाची गोष्ट ऐकायला हवी.

हिशोबनीस ते बंदूकतज्ज्ञ

गेओर्ग लुगरचा जन्म ६ मार्च १८४९ चा. गाव श्टायनाख आम ब्रेनर, ऑस्ट्रियाच्या टायरॉल भागातलं डोंगरी गाव. वडील सर्जन होते. पुढं हे कुटुंब इटलीतल्या पादुआ शहरात गेलं, त्यामुळं जर्मनबरोबर इटालियनही त्याच्या तोंडी बसली. नंतर त्याला व्हिएन्नाच्या कॉमर्स अकादमीत घातलं. म्हणजे ज्याच्या नावानं जगातलं एक अतिशय प्रसिद्ध यंत्र ओळखलं जातं, त्याचं शिक्षण इंजिनिअरिंगचं नव्हतं, कॉमर्सचं होतं. डिग्रीच्या फ्रेमकडं बघत बसलेल्या आपल्यासारख्यांनी हे लक्षात ठेवावं.

१८६७ मध्ये तो ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यात दाखल झाला. त्याचा नेम इतका चांगला होता की त्याला ब्रुकनॉयडॉर्फच्या नेमबाजी शाळेत पाठवलं, आणि थोड्याच दिवसांत तो तिथं शिकवायला लागला. बंदुका खोलणं, जोडणं, कुठं अडकतात ते शोधणं ही त्याची खरी शाळा. १८७२ मध्ये त्यानं सैन्य सोडलं, लग्न केलं आणि हिशोबनिसाची नोकरी धरली. पण डोक्यात बंदूकच होती. व्हिएन्नात त्याची गाठ फर्डिनांड मान्लिखर या नावाजलेल्या रायफल-डिझायनरशी पडली. मान्लिखरबरोबर त्यानं रायफलच्या मॅगझिनवर काम केलं आणि हा छंद त्याचा पेशा झाला.

१८९१ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी, तो बर्लिनच्या लुडविग लोव्हे कंपनीत रुजू झाला. शिलाई मशीन बनवण्यापासून सुरुवात केलेली ही कंपनी तोवर शस्त्रांच्या धंद्यात मोठी झाली होती. १८९६ मध्ये तिच्या शस्त्रविभागातून डीडब्ल्यूएम ही नवी कंपनी उभी राहिली. लुगरच्या कामाची सगळी महत्त्वाची वर्षं इथंच गेली.

दुसऱ्याच्या कोडवर केलेलं काम

लुगरनं शून्यापासून काही शोधलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्याच्या पुढ्यात ह्यूगो बोर्शार्टचं १८९३ चं पिस्तूल होतं. ते चालायचं छान, पण आकारानं अगडबंब. मूठ सरळ आणि मधोमध, मागच्या बाजूला स्प्रिंगसाठी मोठा फुगवटा. हातात धरलं की तोल जायचा. १८९७ मध्ये स्विस सैन्यानं ते तपासलं आणि लहान, हलकं करून मागितलं. ते करून दिलं लुगरनं.

बोर्शार्टची मूळ कल्पना मात्र त्यानं ठेवली. ती होती टॉगल लॉकची. स्वतःचा गुडघा आठवा. पाय ताठ असेल तर समोरून कितीही जोर आला तरी तो टिकतो. गुडघा जरासा वर उचलला गेला की पाय लगेच दुमडतो. या पिस्तुलात तसंच होतं. गोळी सुटते तेव्हा टॉगल ताठ असतो, त्यामुळं मागचं तोंड घट्ट बंद राहतं. नळी आणि टॉगल दोन्ही एकत्र थोडे मागं सरकतात. मग टॉगलची गोल बटणं सांगाड्यावरच्या उतारावर चढतात, गुडघा वर उचलला जातो आणि दुमडतो. रिकामं काडतूस बाहेर पडतं, स्प्रिंग टॉगलला परत ताठ करते, आणि जाता जाता नवं काडतूस नळीत ढकललं जातं.

लुगरनं स्प्रिंग मागच्या फुगवट्यातून काढून मुठीत नेली. मूठ तिरपी केली, त्यामुळं मनगट न वळवता नेम लागायला लागला. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर लॉजिक तेच ठेवून त्यानं सगळं नव्यानं मांडलं. दुसऱ्याचं कोड नीट करणं हे नवीन लिहिण्यापेक्षा कमी प्रतिष्ठेचं मानतात. पण बोर्शार्टचं नाव आज किती जणांना ठाऊक आहे?

१९०० मध्ये स्वित्झर्लंडनं हे पिस्तूल सैन्यासाठी स्वीकारलं. १९०१ मध्ये अमेरिकी सैन्यानं चाचणीसाठी १,००० नग घेतले. मोठ्या गोळीची मागणी येऊ लागल्यावर लुगरनं स्वतःच्याच ७.६५ मिलिमीटरच्या काडतुसाची अरुंद मान रुंद करून त्यात ९ मिलिमीटरची गोळी बसवली. १९०२ च्या सुमाराचं हे काम. १९०४ मध्ये जर्मन नौदलानं आणि १९०८ मध्ये जर्मन सैन्यानं त्याचं पिस्तूल घेतलं. तेव्हा तो ५९ वर्षांचा होता.

ते काडतूस मात्र पिस्तुलापेक्षाही लांब गेलं. ९ बाय १९ मिलिमीटर, म्हणजेच ९ मिलिमीटर पॅराबेलम, आजही जगात सगळ्यात जास्त वापरलं जाणारं पिस्तुलाचं काडतूस आहे. पुण्याच्या एआरडीई या संरक्षण प्रयोगशाळेनं महूच्या इन्फंट्री स्कूलबरोबर 'अस्मी' हे मशीन पिस्तूल तयार केलं आणि २०२१ मध्ये ते जगासमोर आलं. तेसुद्धा ९ मिलिमीटरचंच.

नाव कुठाय?

आता गंमत बघा. जर्मन सैन्याच्या कागदावर या पिस्तुलाचं नाव होतं पिस्टोल ०८, कारण साल १९०८. कंपनी त्याला पॅराबेलम म्हणायची. टॉगलवर शिक्का डीडब्ल्यूएमचा. लुगर हे नाव कुठंच नाही. सुरुवातीच्या काही नमुन्यांवर टॉगलच्या मागच्या बाजूला जी आणि एल ही दोन अक्षरं एकमेकांत गुंतवून कोरलेली सापडतात, एवढीच त्याची सही. आज अशी अक्षरं असलेलं पिस्तूल निघालं की संग्राहकांचे डोळे विस्फारतात.

लुगर हे नाव रूढ झालं ते अमेरिकेत. १९२९ मध्ये तिथल्या स्टोगर कंपनीनं ते ट्रेडमार्क म्हणून नोंदवूनही टाकलं. हे बघायला लुगर हयात नव्हता.

त्याची शेवटची वर्षं वाईट गेली. पहिलं महायुद्ध हरल्यावर जर्मनीच्या शस्त्रनिर्मितीवर कडक बंधनं आली. १९१९ मध्ये, सत्तरीत असताना, डीडब्ल्यूएमनं त्याला काढून टाकलं. पेटंटच्या पैशांवरून वाद झाला, प्रकरण कोर्टात गेलं. त्यात जर्मनीत महागाईचा वणवा पेटला. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला सुमारे ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत होते. आयुष्यभराची बचत म्हणजे रद्दी. २२ डिसेंबर १९२३ ला बर्लिनजवळच्या फिश्टेनाऊमध्ये लुगर वारला. हिटलर सत्तेवर यायला अजून नऊ वर्षांहून जास्त काळ बाकी होता. ज्या राजवटीशी त्याचं नाव कायमचं जोडलं गेलं, ती त्यानं पाहिलीसुद्धा नाही.

एक गोष्ट मात्र विसरून चालणार नाही. हे माणसं मारायचं यंत्र होतं आणि दोन महायुद्धांत त्यानं ते काम केलं. त्याचं कौतुक करायचं ते यंत्र म्हणून, दागिना म्हणून नाही. नेमकी इथंच मुलाम्याची गोष्ट सुरू होते.

सैनिकाच्या पिशवीतून मुलामेवाल्याच्या टाकीत

१९३० मध्ये लुगरची यंत्रसामग्री ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्यात हलवली गेली. १९३८ मध्ये वॉल्थर पी-३८ हे बनवायला सोपं पिस्तूल सैन्यानं घेतलं, आणि १९४२ मध्ये माउझरनं सैन्यासाठी लुगर बनवणं थांबवलं. पण तोवर लाखो लुगर तयार झाले होते. युरोपात उतरलेल्या अमेरिकन सैनिकांना आठवण म्हणून हवी असणारी पहिली वस्तू म्हणजे लुगर. वरिष्ठाची सही असलेला परवानगीचा कागद घेऊन अनेकांनी ते रीतसर घरी नेलं.

घरी आल्यावर ते कपाटात पडायचं, हवेनं काळं पडायचं, गंजाचे ठिपके उठायचे. तो काळ क्रोमचा. मोटारीच्या बंपरपासून स्वयंपाकघरातल्या खुर्चीपर्यंत सगळं चमकत होतं. मग कुणाला तरी वाटायचं, हेही चमकवून घेऊ. आपल्याकडं पितळेच्या भांड्याला कल्हई करतात तितक्या सहजपणे.

पण कल्हईनं भांड्याचं आयुष्य वाढतं. इथं उलट घडायचं. मुलामा देण्याआधी आम्लात बुडवून मूळ निळसर-काळा थर काढतात. गंजाचे खड्डे जाईपर्यंत कापडी चाकावर घासतात. त्यावर बहुतेक वेळा आधी तांब्याचा पातळ थर, मग निकेल, आणि हवं असेल तर शेवटी क्रोम. घासताना धारदार कडा गोल होतात. भोकांची तोंडं पसरट होतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे शिक्के पुसट होतात.

आम्ल आणि विजेच्या या प्रक्रियेत हायड्रोजन वायू तयार होतो. तो कडक पोलादात शिरला की स्प्रिंगसारखे भाग ठिसूळ होतात आणि नंतर अचानक तुटू शकतात. म्हणजे किंमत गेली आणि पिस्तूलही धोक्याचं झालं.

शिक्के इतके महत्त्वाचे का?

कारण लुगरची सगळी कुंडली शिक्क्यांत आहे. त्या काळी याचे भाग हातानं घासून एकमेकांत बसवले जायचे. एका पिस्तुलाचा भाग दुसऱ्यात नीट बसेलच असं नाही. म्हणून सांगाड्यावर आणि नळीवर पूर्ण सिरियल नंबर, आणि बारक्या भागांवर त्याचे शेवटचे दोन आकडे ठोकायचे. सैन्याच्या पिस्तुलांत मॅगझिनच्या बुडावरही नंबर असायचा आणि जादाच्या मॅगझिनवर अधिकची खूण. फोनच्या प्रत्येक पार्टवर आयएमईआयचे शेवटचे आकडे छापलेत अशी कल्पना करा. कुठला पार्ट कुणी बदलला, लगेच कळेल.

नळीच्या मागच्या भागावर साल असतं. टॉगलवर कारखान्याची खूण: डीडब्ल्यूएम, एर्फुर्ट, नंतर माउझरचे एस/४२ किंवा बीवायएफ असे गुप्त संकेत. १९३४ साठी के आणि १९३५ साठी जी असं एकच अक्षर. काही पिस्तुलांवर दोन सालं दिसतात, एक मूळ आणि दुसरं १९२०. पहिल्या युद्धानंतर सरकारी मालमत्ता म्हणून त्यांची पुन्हा नोंद झाली, त्याची ही खूण. एका पिस्तुलावर एवढा इतिहास! तो वाचता आला तरच त्याला संग्राहकाचा भाव.

मुलामा दिलेलं पिस्तूल कसं ओळखतात?

जाणकार साधारण या क्रमानं बघतात.

१. रंग. मूळ लुगर निळसर-काळं असतं. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंतच्या नगांवर ट्रिगर आणि सेफ्टीसारखे काही बारके भाग वाळल्या गवतासारखे पिवळसर असतात. तो रंग लावलेला नाही, पोलाद ठरावीक तापमानाला तापवल्यावर येणारा आहे. ट्रिगरसुद्धा आरशासारखा चमकत असेल तर विषय संपला. निकेलला किंचित पिवळसर झाक असते, क्रोमला निळसर-पांढरी.

२. कडा. लुगरच्या कडा सुरीसारख्या सरळ. साबणाच्या वडीसारख्या गोल वाटल्या तर चाक फिरलेलं आहे.

३. शिक्के. अक्षराच्या तळाशी मुलाम्याचा थर साचलाय आणि अक्षर पुसट आहे, तर शिक्का आधीचा आणि मुलामा नंतरचा. उलट शिक्का मुलाम्याला फोडून आत गेलेला असेल, तर तो मुलाम्यानंतर कुणीतरी ठोकलेला. नाझी गरुड असलेला माल महाग जातो, म्हणून खोटे गरुड ठोकणारे पुष्कळ आहेत.

४. मुठीखाली. लाकडी पट्ट्या काढल्या की खरं दिसतं. चकाकीखाली गंजाचे खड्डे दिसले, तर मुलामा झाकायलाच दिलेला.

५. नंबर. सगळे जुळतात का? जुळले तरी आकड्यांचा ठसा एकसारखा आहे का? जुने आकडे घासून नवे ठोकणं ही जुनी युक्ती आहे.

६. कागद. सैनिकानं आणलेल्या पिस्तुलाचा तो परवानगीचा कागद असेल आणि त्यावरचा नंबर जुळत असेल तर भाव वाढतो. अर्थात कागदही खोटे बनतात.

७. नावं. विक्रेता भारदस्त नाव सांगतो म्हणून भुलायचं नाही. काळ्या बॅकलाइटच्या मुठीच्या १९४१-४२ च्या लुगरला 'ब्लॅक विडो' म्हणतात. हे नाव जर्मन सैन्यानं दिलेलं नाही. युद्धानंतर व्यापाऱ्यांनी विक्रीसाठी चिकटवलेलं आहे.

नंतर मुलामा दिलेल्या नगाचा भाव मूळ स्थितीतल्या तशाच नगाच्या अर्ध्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. काढून पुन्हा काळं करून घेतलं तरी उपयोग नाही, कारण पुसलेली धातू परत येत नाही. ही डिलीट झालेली फाइल आहे आणि बॅकअप नाही.

मग सोन्याचा मुलामा असलेली महागडी पिस्तुलं?

तीही असतात. कारखान्यातूनच नक्षी करून, मुलामा देऊन बड्या लोकांना भेट दिलेली. १९३९ मध्ये वॉल्थर कुटुंबानं हिटलरला पन्नासाव्या वाढदिवसाला दिलेलं सोन्याचा मुलामा असलेलं वॉल्थर पीपी अमेरिकन सैनिकामार्फत अमेरिकेत गेलं आणि १९८७ मध्ये १ लाख १४ हजार डॉलरला विकलं गेलं. तिथं किंमत सोन्याची नव्हती. ते कुणी, कधी, कुणाला दिलं आणि कुणाच्या हातून आलं याची साखळी होती. ती साखळी नसेल, तर सोन्याचा मुलामा हा फक्त महागडा रंग.

आणि साधं, बिनचकाकीचं पिस्तूल किती दूर जाऊ शकतं? अमेरिकी सैन्याच्या १९०७ च्या चाचणीसाठी लुगरनं .४५ कॅलिबरची मोजकी पिस्तुलं बनवली. लुगरला ते कंत्राट मिळालंच नाही. पुढं अमेरिकेनं ब्राउनिंगचं डिझाइन घेतलं. पण हरलेल्या त्या पिस्तुलांपैकी एक 'मिलियन डॉलर लुगर' म्हणून गाजलं आणि २०१० च्या लिलावात सुमारे ५ लाख डॉलरला गेलं. टोपणनावाच्या निम्म्या किमतीला, हेही लक्षात घ्या. बाजारात गवगवा एक आणि पडलेला हातोडा दुसरा.

एक सावधगिरी: भारतात ९ मिलिमीटर हा सामान्य नागरिकांसाठी प्रतिबंधित बोअर आहे. सोशल मीडियावर कुणी 'आजोबांचं युद्धातलं पिस्तूल' विकत असेल तर तिथं खरं-खोटं ओळखायची परीक्षा देत बसू नका, लांबच राहा. वरची माहिती संग्रहालयातल्या काचेपलीकडच्या वस्तूकडं बघायला पुरेशी आहे.

लुगरकडं शेवटी नोकरी नव्हती, पैसा नव्हता, आणि पिस्तुलावर त्याचं नावही नव्हतं. राहिले ते पोलादावर ठोकलेले आकडे, साल, आणि मोजक्या नमुन्यांवरची दोन अक्षरं. त्यावरूनच आज माणसं त्याचं काम ओळखतात. म्हणून घरात जुनं काही सापडलं, आजोबांचं घड्याळ असो, आजीचा अडकित्ता असो की कॅमेरा, तर ब्रासो आणि पॉलिश हातात घेण्याआधी थांबा. त्यावर काय लिहिलंय ते आधी वाचा, फोनवर जवळून फोटो काढून ठेवा. घासून झाल्यावर वाचायला काही उरत नाही.